सायकलवरून न उतरणारा माणूस

नागसेन सायकलवरून कुणासाठी उतरत नसे. थांबायचा, एक पाय जमिनीला टेकवायचा, पण सीट सोडायचा नाही. ऑफिसच्या गेटवर साहेब भेटले तरी सीटवर बसूनच हात जोडायचा. नवे साहेब रागवायचे, जुने हसायचे. आदिलाबादच्या एमआरओ ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, जमिनीच्या पहाणीच्या, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्याच्या, नकला काढून देणारा कारकून, वय चोपन्न, काम चोख. एवढ्यासाठी त्याला कोण बोलणार?

हे त्याच्या बापाचं होतं. मोतीराम जैनथकडच्या एका गावात पाटलाकडे सालगडी होता. तेव्हा गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसानं पाटलाच्या दारावरून जाताना सायकलवरून उतरायचं, ती हातानं ढकलत न्यायची आणि चावडी ओलांडली की मग बसायचं, असा रिवाज होता. मोतीरामनं जुनी सायकल घेतली आणि तिसऱ्याच दिवशी तो उतरला नाही. त्याला तिथंच दारात मारलं. दोन दात पडले, काम सुटलं. बायकोपोरांना घेऊन तो आदिलाबादला आला, हमाली केली, पोराला शिकवलं. मरेपर्यंत त्याचं एकच सांगणं होतं, "मोठा साहेब नाही झाला तरी चालंल. पन कोनासाठी सायकलीवरून उतरू नोको."

नागसेननं ते अगदी शब्दाला धरून ऐकलं.

दोन वर्षांपूर्वी कापसाच्या हंगामात मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या एका लॉरीनं त्याचं हँडल घासलं. कोपर सोलवटून तो घरी आला. हळद लावता लावता त्याची बायको शुभांगी म्हणाली, "उद्यापासून फुटपाथवरून जायाचं."

"फुटपाथ चालनाऱ्याइसाठी असते."

"आन रस्ता लॉऱ्याइसाठी. मंग तुमी कोनाचे? स्कूटी घ्या म्हनलं तं तेबी नाही. उद्या मले तुमाले पोत्यात भरून आनायची पाळी येईल."

तो फुटपाथवरून जाऊ लागला. फूटभर उंच, नव्या फरशांचा फुटपाथ. पण मध्ये विजेचे खांब, दुकानांच्या पाट्या, झेरॉक्सवाल्याची खुर्ची. उरलेली जागा एका माणसापुरती. शाळेच्या मुली भिंतीला चिकटून त्याला वाट द्यायच्या. भाजीवाली तेलुगूतून शिव्या घालत टोपली ओढून घ्यायची. तो मान खाली घालून पुढे जायचा.

रोज साडेनऊला समोरून चंपाबाई यायच्या. वय सत्तर. नागसेनच्या मागच्या गल्लीत मुलगा संघपाल आणि सून अर्पिता यांच्याकडे राहायच्या आणि नातीला शाळेत सोडून परत निघायच्या. मूळच्या नागसेनच्याच गावच्या. मोतीरामला मारलं त्या दिवशी त्या कापूस वेचून परतत होत्या, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ते सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"कोन, मोतीरामभाऊचा लेक का? ये, ये. तू बस, मी उतरते."

"मावशी, तुमी काऊन उतरता? मी कडंनं काढतो."

"त्या खांबातून काढतं का? बस ना बापा. त्या सीटपायी तुह्या बापाचे दोन दात गेले."

आणि एका हातानं खांब धरून, दुसऱ्यानं पदर सावरत त्या रस्त्यावर उतरायच्या. तो गेला की परत वर चढायच्या. त्यांचं चढणं नागसेननं कधी पाहिलं नाही, कारण तोवर तो पुढे गेलेला असायचा.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी त्या अशाच उतरल्या. नागसेन दहा-बारा हात पुढे गेला असेल. मागून मोटरसायकलचा ब्रेक करकचला आणि एक बाई ओरडली. सायकल कुठे पडली तेही न पाहता तो धावला. चंपाबाई रस्त्यावर बसल्यासारख्या पडल्या होत्या, एक चप्पल पायात, आणि उठायला म्हणून फुटपाथची कड चाचपत होत्या.

खुबा मोडला होता. सरकारी दवाखान्यात अर्पितानं विचारलं, "आई, चांगला फुटपाथ सोडून रस्त्यावर कायले उतरल्या?"

चंपाबाईंनी नागसेनकडे पाहिलं. "चक्कर आली व."

नागसेन हातात थर्मास धरून उभा होता. अर्पिता औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर गेल्यावर चंपाबाई हळूच म्हणाल्या, "बोलू नोको. लेकराईले नाही समजनार ते."

"मावशी, मी उतरलो असतो तं..."

"मंग मोतीरामभाऊनं मार कायले खाल्ला?"

घरी येऊन त्यानं शुभांगीला सगळं सांगितलं. अर्पिताला सांगून टाकतो म्हणाला. शुभांगीनं निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाली, "सांगा. पन त्या घरी येऊ द्या आदी. आन फुटपाथवर म्या धाडलं, हेबी सांगा."

चंपाबाई घरी आल्याच नाहीत. पडून पडून छातीत कफ भरला आणि एकोणिसाव्या दिवशी त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाला अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. पांढऱ्या कपड्यातली माणसं, पांढऱ्या साड्यांतल्या बाया. बुद्धवंदना झाली आणि एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. बाई कष्टाळू होती, कुणाला दुखवलं नाही. संघपाल म्हणाला, "चक्कर आली नसती तर आई आणखी दहा वर्षं जगली असती." त्यावर नागसेन उभा राहिला.

"चक्कर आली नोयती," तो म्हणाला. "मी सायकलवर व्हतो. मले वाट द्यायले त्या खाली उतरल्या."

कुणीतरी मागून त्याचा सदरा ओढला, "बसा ना भाऊ, आता काय त्याचं." तो बसला नाही. बायकांच्या बाजूनं अर्पिता उठली.

"रोज उतरत व्हत्या?"

"रोज."

"कदीपासून?"

"दोन वर्सं झाले."

"रोज संध्याकाळी मी त्यायच्या गुडघ्याले तेल लावत व्हती. काऊन दुखते म्हनून विचारलं तं म्हने, वयच झालं. तुमी एक दिवसबी नाही उतरले, नागसेनभाऊ?"

"माह्या बापाले पाटलानं..."

"मालूम हाय. आईच सांगे ते. तुमच्या बापाले पाटलानं उतरवलं. आमच्या आईनं काय केलं व्हतं?"

संघपालनं बायकोला हातानं खाली बसवलं आणि पंगत बसवायला सांगितलं.

नागसेनला निघून जायचं होतं. शुभांगीनं त्याचं मनगट धरलं. "आता उठून गेलं तं अजून वाईट दिसंल. बसा."

वरण, भात, वांग्याची भाजी. अर्पितानं पहिल्या फेरीला त्याला इतरांसारखंच वाढलं, हात न आखडता. दुसऱ्या फेरीला ती सगळ्यांना आग्रह करत आली. नागसेनच्या ताटासमोर थांबली नाही. शुभांगीला मात्र तिनं भात वाढला, वर वरण घातलं आणि म्हणाली, "घ्या वहिनी, पोटभर जेवा."

शुभांगीनं त्यातला अर्धा भात नवऱ्याच्या ताटात सरकवायला हात पुढे केला. नागसेननं ताटावर आपला हात आडवा धरला.