पाठीमागची पिशवी

घाडीबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या पिशवीकडे. लालबागच्या नव्या इमारतीत आम्ही नवव्या मजल्यावर राहायला आलो, त्या दिवशी समोरच्या दारात व्हीलचेअरवर साठी उलटलेली एक बाई बसली होती. मी दोन्ही हातांत सामान घेऊन लिफ्टमधून बाहेर पडले. या नाही, बसा नाही. "उजव्या पिशवीत काचेचं काय आहे? वाजतंय," बाई म्हणाल्या. लोणच्याची बरणी आहे, असं मी सांगितलं. "मग खालून हात दे," एवढं बोलून त्यांनी खुर्ची वळवली आणि दार लावून घेतलं. आतून दोन कड्या सरकवल्याचा आवाज आला.

शिवडीच्या एका कपडे शिवणाऱ्या कारखान्यात बाईंनी गेटवर सव्वीस वर्षं काढली होती. संध्याकाळी सुटलेल्या बायकांच्या पिशव्या तपासायचं काम. जेवणाच्या डब्याखालून बटणांची पुडी निघायची, कधी कापडाचा तुकडा, कधी दोऱ्याचं रीळ. पण त्यांचा एक नियम होता आणि तो त्या मान ताठ करून सांगायच्या. "मी कुणाच्या पिशवीत कधी हात घातला नाही. संशय आला की बाजूला उभी करायची. बाय माझे, तूच काढ म्हणायचं आणि गप्प थांबायचं. पाच मिनिटांत काढतेच."

"आणि नाही काढलं तर?"

"काढतेच गो. चोरलेल्या वस्तूचं वजन हाताला लागत नाही, छातीला लागतं."

नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. साखरेच्या आजारात डावा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. संशय मात्र शाबूत होता. पत्ता विचारायला आलेला माणूस त्यांच्या मते घर बघून ठेवायला आलेला असायचा. सोसायटीची नोटीस आली की त्या ती उलटी करून मागचा कोरा कागदही तपासायच्या. मी एकदा शिरा नेऊन दिला, तर म्हणाल्या, "आधी तू एक चमचा खा." मी खाल्ला. राग आला होता, पण शिरा चांगला झाला होता.

उरलेल्या उजव्या पायाच्या बोटाला जखम झाली, तेव्हा दर शनिवारी परळच्या दवाखान्यात ड्रेसिंगला जायची वेळ आली. त्या पायाला जपा, डॉक्टरांनी बजावलं होतं. मला शनिवारी सुट्टी असते, म्हणून मी म्हटलं, खुर्ची मी ढकलीन. आठ दिवस विचार करून त्यांनी विचारलं, "यात तुला काय मिळणार?" काहीच नाही, मी म्हणाले. "मग नको." येताना परळची भाजी घेता येईल म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. "हां, आता कळलं," म्हणाल्या.

मग प्रश्न आला पिशवीचा. चष्मा, फोन, गोळ्या, आधार कार्ड, दवाखान्याची फाइल, पाण्याच्या दोन बाटल्या, टॉवेल, साखर एकदम उतरून घाम फुटला तर साखरेची पुडी. कापडी पिशवी मांडीवर घ्यावी तर एकच मांडी पुरी, पिशवी घसरायची. तिला धरावं तर चाकाला हात लावता येत नसे. मी माझी जुनी सॅक काढून खुर्चीच्या मागच्या दांड्यांना अडकवून दाखवली. बाईंनी मान वळवून तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आत साप आहे.

"पाठीमागची पिशवी म्हणजे दुसऱ्याची पिशवी."

आम्ही दादरला गेलो. दोन तास दुकानदाराचा जीव खाल्ला. हाताच्या दांडीला लावायची पिशवी लांबड्या पट्ट्याची होती. चार पावलं जाताच पट्टा चाकाच्या तारांत गुंतला. सीटखाली बांधायची पिशवी त्यांना आवडली, पण खाली वाकून चेन उघडताना त्या इतक्या पुढे झुकल्या की मी दंड धरला. शेवटी दुकानदार कंटाळून म्हणाला, "मावशी, सगळे लोक मागेच लावतात."

"म्हणूनच तर चोर सुखी आहेत," बाई म्हणाल्या.

पण दुसरा इलाज नव्हता. मागची पिशवी घेतली. घरी आल्यावर बाईंनी ट्रंकेतून एक घुंगरू काढलं आणि चेनीच्या टोकाला सुईदोऱ्याने पक्कं शिवलं. चेन जरा हलली तरी वाजणारं. "हे तुला आणि मलाच माहीत," त्यांनी मला बजावलं. मग पिशवीत त्यांनी आणखी एक वस्तू टाकली, एक जाडजूड पितळी कुलूप. हे कशाला, मी विचारलं. "आपण बाहेर असताना कुणी दाराचं कुलूप फोडलं, तर आल्यावर काय लावू? तुझं डोकं?"

दोन शनिवार बरे गेले. तिसऱ्या शनिवारी इमारतीच्या उतारावरून खुर्ची वर चढवताना पुढची छोटी चाकं एकाएकी हवेत उचलली गेली. डावा पाय नसल्यामुळे पुढे वजन कमी, आणि मागे दोन बाटल्या नि ते कुलूप. खुर्ची माझ्या छातीवर आली. मी कशीबशी पेलली. बाईंनी दांडी घट्ट धरली. मी म्हटलं, बाई, कुलूप काढूया. त्यांनी सरळ सांगितलं, "कुलपाला हात लावायचा नाही."

पुढच्या शनिवारी त्या दाराला कुलूप घालून पुन्हापुन्हा ओढून बघत होत्या. मी मागे उभी होते. मी घुंगरू मुठीत धरलं, चेन सरकवली, पितळी कुलूप काढून माझ्या भाजीच्या पिशवीत टाकलं. आल्यावर गुपचूप परत ठेवू, असं मनाशी म्हटलं. त्यांच्या भल्यासाठीच करत होते ना. त्या दिवशी खुर्ची लोण्यासारखी चालली. पण परत आल्यावर बाईंनी दारातच पिशवी मांडीवर घेतली आणि चेन उघडली. मला संधीच मिळाली नाही.

"कुलूप गेलं," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "अगं बाई!" आजही तो माझा आवाज आठवला की अंगावर काटा येतो.

त्यानंतर घाडीबाईंनी घर सोडलं नाही. "ज्यानं जादाचं कुलूप नेलं, तो आता दाराचं फोडणार. त्याला माहीत आहे, माझ्याकडे दुसरं नाही," एवढंच कारण त्या देत. दवाखान्याच्या रांगेतली म्हातारी, लिफ्टमधला माणूस, सगळ्यांवर त्यांचा संशय असेल असं मी धरून चालले. मी त्यांना नवं कुलूप आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. एक शनिवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. माझ्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे ते पितळी कुलूप पडून होतं आणि पोळ्या करताना माझी नजर तिकडेच जायची. शेजारधर्म म्हणून घेतलेली वस्तू चोरीची कधी झाली, मला कळलं नाही.

चौथ्या शनिवारी मी डबा द्यायला गेले, तर जखमेला वास येत होता. बोट काळपट दिसलं. मी उठले, घरी गेले, कुलूप आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. नुसती रडले.

बाईंनी कुलूप उलटंसुलटं करून बघितलं. "पीठ लागलंय," म्हणाल्या.

"बाई, खुर्ची मागे पडत होती म्हणून..."

"माहीत आहे. त्याच दिवशी कळलं. घुंगरू वाजलं नाही गो. चोराला घुंगरू कुठून माहीत असणार?"

"मग बोलला का नाहीत? पाय जायची वेळ आली!"

"गेटवर मी कुणाच्या पिशवीत हात घातला नाही. तूच काढशील म्हणून थांबले. बायका पाच मिनिटांत काढायच्या, तुला महिना लागला." मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "आणि बाहेर कशी पडू? जिच्या हातात माझी खुर्ची, तिचाच हात माझ्या पिशवीत. मी कुणाच्या भरवशावर बसू?"

मी त्याच पावली त्यांना परळला नेलं. आणखी आठवडा गेला असता तर बोट काढावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ओरडा बाईंनी खाल्ला. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

येताना वाटेत त्यांनी खुर्ची थांबवायला लावली. साडीचा पदर त्या नेहमी डाव्या बाजूला पसरून ठेवायच्या, पाय नव्हता तिथे. तो त्यांनी बाजूला केला. "इथं बघ. एवढी जागा रिकामी आहे. मीच इतके दिवस बघत नव्हते." चिंचपोकळीच्या एका कारागिराकडून आम्ही त्या रिकाम्या जागेच्या मापाची पिशवी शिवून घेतली. उभट, अरुंद, वरून सीटच्या दांडीला बांधलेली, खाली डाव्या पायपट्टीवर टेकलेली. चाकाला लागत नाही, डोळ्यांसमोर राहते, वाकावं लागत नाही आणि वजन पुढे आल्यामुळे उतारावर खुर्ची मागे पडत नाही. कुलूपसुद्धा मावलं. पिशवी चाचपत बाई म्हणाल्या, "हा पाय साखरेला घाबरत नाही."

घुंगरू त्यांनी जुन्या चेनीवरून उसवून या चेनीला शिवलं. मला वाईट वाटलं. त्यानंतर चार वर्षं मी ती खुर्ची ढकलली. चष्मा हवा असला की त्या स्वतः काढायच्या, पुडी स्वतः काढायच्या. मी कधी हात पुढे केला नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय दमलं. वॉर्डात खाटेजवळ खुर्ची उभी होती, तिला ती पिशवी. सिस्टर आधार कार्ड मागत होती. मी सवयीने पिशवी सोडवली आणि बाईंच्या हाताशी नेली. त्यांचा हात चादरीवरून चार बोटं उचलला आणि पडला.

"तू काढ," त्या म्हणाल्या.

"नको बाई. मी धरते, तुम्हीच काढा."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. पिशवीकडे नाही, तोंडाकडे.

"घाल गो हात. झाली तुझी झडती."

मी चेन उघडली. घुंगरू मुठीत धरलं नाही.