पूल, उघड्या डोळ्यांनी

मला पुलांची भीती वाटायची. नदीची नाही, पाण्याची नाही; पुलाची. माहेर जळगावचं आणि सासर धुळ्याचं, त्यामुळे वाटेत गिरणेचा पूल चुकत नसे. लग्नानंतर एकदा आमची एसटी त्या पुलावर गर्दीत अडकली. शेजारून भरलेला ट्रक गेला आणि पूल पायाखाली थरथरला. तेव्हापासून पूल जवळ आला की तळहातांना घाम फुटायचा, श्वास पुरायचा नाही, आणि मी डोळ्यांवर पदर ओढून पलीकडचा काठ येण्याची वाट बघायचे. भाऊ चेष्टा करायचे. मीही हसायचे.

मग लेकीचं लग्न शिरपूरला झालं. धुळ्याहून शिरपूरला जायचं तर तापी ओलांडावी लागते, आणि तिचा पूल संपता संपत नाही. तिच्याकडे पहिल्यांदा निघालो तेव्हा अलीकडच्या काठावरच मी यांना गाडी थांबवायला लावली. तसेच मागे फिरलो. लेक म्हणाली, "असू दे आई, मीच येत जाईन." आणि खरंच, तीच येत राहिली.

पुढे तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माझ्याकडेच, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. पण शेवटच्या महिन्यांत तिच्या डॉक्टरांनी प्रवास बंद केला. फोनवर तिनं विचारलं, "आई, तू येशील ना गं?" मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि रडत बसले.

मी घरीच ब्लाउज शिवते. नेमक्या तेव्हाच माझं एक जुनं गिऱ्हाईक शिवलेला ब्लाउज न्यायला दारात आलं. बाई धुळ्यातल्याच, मनाच्या आजारांच्या डॉक्टर. माझे डोळे बघून त्या खुर्ची ओढून बसल्या आणि मी सगळं सांगून टाकलं.

"ताई, संमोहनानं प्रयत्न करून बघायचा का?" त्या म्हणाल्या.

मी दचकले. आमच्या कॉलनीत गणपतीला एक जादूगार आला होता. त्यानं एका गृहस्थांना सफरचंद म्हणून कच्चा कांदा खायला लावला होता. मी विचारलं, "मला काही भलतंसलतं करायला लावणार नाही ना?"

डॉक्टर खळखळून हसल्या. "तुमच्या मनाविरुद्ध काहीच होत नाही. झोपायचंही नाही. सगळं ऐकू येईल, आणि नको वाटलं तर डोळे उघडून सरळ उठायचं."

सासूबाईंना हे पटलं नाही. त्या अजूनही अहिराणीतच बोलतात. "मी संगे येसू," त्यांनी बजावलं. "ती बाई तुले भुलाई दी ते?"

तर आम्ही दोघी गेलो. मी आरामखुर्चीत, आणि सासूबाई पहारा द्यायला कोपऱ्यात, मांडीवर पिशवी घट्ट धरून. डॉक्टर हळू बोलू लागल्या. श्वासाकडे लक्ष द्या. खांदे सैल सोडा. हात जड होऊ द्या. मग म्हणाल्या, जिथे तुम्हाला सगळ्यात निर्धास्त वाटतं तिथे मनानं जा. मी थेट वडिलांच्या मळ्यात गेले. हिवाळ्यातली सकाळ होती. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजत होती, काकू हिरव्या मिरच्या ठेचत होती आणि धूर माझ्याकडेच येत होता. खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या तोंडाला पाणी सुटलं. "आता त्या मळ्यात बसूनच लांबचा पूल बघा," डॉक्टर म्हणाल्या. मी बघितला. छातीत धडधडलं, पण थोडंच.

तेवढ्यात कोपऱ्यातून घोरण्याचा आवाज आला. पहारेकरी गाढ झोपले होते. मला हसू आवरेना, डॉक्टरांनाही आवरेना. सासूबाई दचकून जाग्या झाल्या आणि वर आम्हालाच म्हणाल्या, "मी कोठे झोपनू? डोया मिटेल व्हतात फक्त!"

पुढच्या खेपांनाही त्या आवर्जून आल्या. म्हणायच्या, घरी इतकी छान झोप लागत नाही.

भीती काही एका दिवसात गेली नाही. घरी रोज सराव करायचा होता. डॉक्टरांनी एकदा विचारलं, "सरळ शिवण मारताना तुम्ही कुठे बघता?" मी म्हटलं, "सुईच्या पुढे." "मग पुलावरही तसंच, जायचंय तिकडे बघायचं." आधी आम्ही गावातल्या पांझरेच्या पुलावरून चालत गेलो. पहिल्यांदा मी यांचा हात इतका आवळला की बोटांवर वळ उठले. नंतर नंतर आम्ही तिथे गप्पा मारत फिरू लागलो.

एका सकाळी शिरपूरहून फोन आला. मुलगी झाली! डिंकाचे लाडू घेऊन आम्ही तिघं निघालो. तापी जवळ आली तसा यांनी गाडीचा वेग कमी केला. मागून सासूबाई म्हणाल्या, "घाबरू नको माय, मी शे ना." मी लांब श्वास सोडला आणि डोळे उघडेच ठेवले. छाती धडधडत होती, पण मी बघत होते. केवढं पाणी! खाली एक छोटी होडी, तिच्यात उभा राहून जाळं फेकणारा माणूस, वर पांढऱ्या बगळ्यांची रांग. इतकी वर्षं मी हे झाकून बसले होते.

"अहो, थांबवा ना जरा!" मी ओरडले.

हे घाबरलेच. "काय होतंय? चक्कर येतेय का?"

"नाही हो! मला बघायचंय!"

"अगं, हायवे आहे हा!"

गाडी काही थांबली नाही. मी मान वळवून मागे दिसेल तेवढं बघत राहिले.

लेकीनं मला दवाखान्यातल्या खोलीच्या दारात बघितलं आणि ती रडू लागली, मग हसू लागली. नात तिच्या कुशीत, मूठ तोंडात घालून झोपलेली. सासूबाईंनी तिथे जमलेल्या साऱ्यांना गोष्ट ऐकवली, स्वतःच्या झोपेचा भाग वगळून. मग गंमत झाली. विहीणबाई म्हणाल्या, मला लिफ्टची भीती वाटते, मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या जाऊबाईंना पालीची. एकेक करून सगळ्या बायकांनी आपापली भीती पदरातून काढली आणि खोलीत नुसता हशा पिकला. परिचारिका दोनदा येऊन ओरडून गेली.

निघताना जावयांनी मला जिन्यात गाठलं. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "आई, त्या डॉक्टरांचा नंबर द्याल? मला इंजेक्शनचं फार... आणि आता बाळाला लस टोचायला मलाच घेऊन जायचंय."