शेजारच्या घरचा नंबर

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर रूमच्या दारावर मी स्वतःच्या हाताने एक पाटी लिहिली होती. चपला बाहेर काढा. हात धुऊन या. बाहेरची फ्लॉपी लावू नका. खाऊ-पाणी आणू नका. हिंगणघाटला जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाची बारीक धूळ उडत असते. ती मशीनमध्ये जाऊ नये म्हणून मी खिडक्यांना दुहेरी पडदे लावून घेतले होते आणि चारही कॉम्प्युटरना माझ्याच जुन्या साड्यांच्या खोळी शिवल्या होत्या. सुरक्षा म्हणजे काय, असं त्या काळी मला कुणी विचारलं असतं तर मी या खोळी दाखवल्या असत्या.

मी भूगोलाची शिक्षिका. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शाळेत कॉम्प्युटर आले, तेव्हा हेडमास्तरांनी मला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला वर्ध्याला पाठवलं, कारण बाकी कुणी जायला तयार नव्हतं. परत आले ती जरा चढूनच. इतरांनी भीत भीत माऊसला हात लावायचा आणि मी मागे उभं राहून सूचना द्यायच्या, यात मला भारी मजा यायची. दोन-तीन वर्षांनी इंटरनेट आलं. ऑफिसच्या फोनची तार कॉम्प्युटरला जोडायची, मग नेट कण्हत कुंथत लागायचं, आणि तेवढा वेळ ऑफिसचा फोन बंद. हेडक्लार्क माझ्यावर दात धरून असायचे. मला त्याची पर्वा नव्हती, कारण तोवर शाळेची वेबसाइट काढायचं माझ्या डोक्यात शिरलं होतं.

फुकट जागा मिळते हे मला बसस्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत कळलं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. इमारतीचा फोटो टाकला, हेडमास्तरांचा टाकला, आणि मग दहावीचा निकाल लागल्यावर 'गुणवंत विद्यार्थी' असं एक पान केलं. त्यासाठी मला वेगळं डोकं चालवावं लागलं नाही. आमच्या स्मरणिकेत दरवर्षी तसं पान असायचंच. पासपोर्ट फोटो, मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचा धंदा, मोहल्ला आणि फोन नंबर. व्यापारी मंडळी, समाजाच्या संस्था, सगळे ते पान बघून सत्काराचं बोलावणं करायचे, म्हणून नंबर लागायचाच. ज्यांच्या घरी फोन नाही ते शेजाऱ्यांचा नंबर देऊन पुढे 'पी. पी.' लिहायचे. आमच्याकडे कुणाचा मान करायचा तर तो असा नावागावासकट करतात. मी ते पान जसंच्या तसं चढवलं. मराठी अक्षरं दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिसायची नाहीत, तेवढं सगळं इंग्रजीत केलं, आणि नंबराआधी गावाचा एसटीडी कोडही न विसरता टाकला.

त्या वर्षी शाळेत पहिली आलेली मुलगी ताडपत्री आणि सुतळीचं दुकान असलेल्या एका गृहस्थांची होती. बोलायला कमी, पण नकाशा काढायला लागली की ट्रेसिंग पेपरशिवाय भारताची किनारपट्टी काढायची. तिला वर्ध्याला अकरावी सायन्सला जायचं होतं. तिथेच सिंदी मेघेला तिची मावशी होती, तिच्याकडे राहणार होती. घरातली कुठलीच मुलगी आजवर शिकायला गावाबाहेर गेली नव्हती. आई नको म्हणत होती. वडील निकालाच्या दिवशी पाघळले आणि हो म्हणाले. फोनसाठी त्यांनी नंबर लावून ठेवला होता, पण तो यायचा होता. पानावर गेला तो भिंतीपलीकडच्या काकूंच्या घरचा.

सत्काराच्या कार्यक्रमात मी पालकांना वेबसाइट दाखवली. त्या मुलीचा फोटो वरून हळूहळू उतरत पडद्यावर आला तेव्हा तिचे वडील उभेच राहिले.

"मॅडम, हे दुसऱ्या गावात बी दिसते काय?"

"अहो, जगभर दिसतं," मी म्हणाले. "कुठूनही, कुणालाही."

हे सांगताना माझा चेहरा कसा फुलला असेल ते मला आजही कळतं आणि लाज वाटते. सगळ्या गुणवंतांना मी त्यांच्या त्यांच्या मजकुराचा एकेक रंगीत प्रिंट भेट दिला होता. तिच्या वडिलांनी तो फ्रेम करून दुकानात गादीच्या वर टांगला.

पुढचं मला नंतर तिच्याकडूनच कळलं. आठवडाभराने काकूंच्या फोनवर एका पुरुषाचा फोन आला. हिंदीत, अदबीने. मुलीचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, शाळा, सगळं बरोबर सांगितलं आणि म्हणाला, स्कॉलरशिपचं काम आहे. काकूंनी कौतुकाने भिंतीवरून हाक मारली. त्याने दोन मिनिटं मार्कांचं विचारलं, मग म्हणाला, फोटोत तू फार छान दिसतेस. हिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग आणखी कुणाकुणाचे येऊ लागले, काही नुसते श्वास घेणारे. काकू दरवेळी हाक मारायच्या आणि आता मोठ्याने, चार घरांना ऐकू जाईल अशी.

"कोन व्हय गं हा?" त्यांनी विचारलं.

"मले नाई माहीत, काकू."

"त्याले तुयं नावगाव समदं माहीत हाय, अन् तुले तो माहीत नाई?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं.

तिचे वडील शाळेत आले ते मधल्या सुट्टीत. स्टाफरूममध्ये मी एकटीच वह्या तपासत होते. खुर्चीच्या टोकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मॅडम, घरातली गोष्ट हाय. पोरीनं नंबर कोनाले देला असन काय? ती नाई म्हनते. पन मंग त्याहीले गावला कुठून? तिच्या मायनं तर धोसरा लावला हाय, वर्धेले नाई पाठवाचं म्हनून. तुमी सांगसान तसं करतो."

ऐकता ऐकताच मला पान दिसलं, फोटो दिसला, त्याखाली मी हौसेने टाकलेला एसटीडी कोड दिसला. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. पण हेडमास्तर काय म्हणतील, हेडक्लार्क किती हसतील, गावात माझं काय होईल, हे सगळं त्या वाक्याच्या आधी येऊन उभं राहिलं, आणि मी म्हणाले, "कुणीतरी मुलगा चावटपणा करत असेल. मी चौकशी करते."

"म्हनजे शाळेतलाच हाय?"

"असेल," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि टोपी घालून गेले. मी स्वतःला वाचवायला खोटं बोलले होते. पण त्यांच्या कानात गेलं ते एवढंच, की शाळेतला कुणी मुलगा आहे आणि पोरगी लपवते आहे. चौकशी करते म्हणणाऱ्या बाईने त्या माणसाच्या मनात उरलेला विश्वासही संपवून टाकला होता.

त्याच संध्याकाळी कॅफेत जाऊन मी ते पान काढून टाकलं. बाहेर पडले तेव्हा मला खरंच हलकं वाटलं. झालं, मिटलं. ज्यांनी नंबर उतरवून घेतला होता त्यांच्याकडून तो मी कसा परत घेणार होते, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. फोन येत राहिले. घरी भाजी चिरताना रोज ठरवायची की उद्या दुकानात जाऊन सांगू, आणि रोज शाळेतून दुसऱ्या रस्त्याने घरी जायची.

पंधरा दिवसांनी ती टीसी घ्यायला आली. टीसी वर्ध्यासाठी नव्हती. घरापासून चार घरं सोडून कॉलेज होतं, तिथे आर्ट्सला नाव घालायचं ठरलं होतं, तेही आईने नेऊन सोडायचं आणि आणायचं या अटीवर. मी तिला कॉम्प्युटर रूममध्ये नेलं. सवयीने तिने चपला बाहेर काढल्या.

"तुला माहीत आहे का, ते फोन का येतात?" मी विचारलं.

"हो मॅडम."

"कधीपासून?"

"पयल्या फोनपासून. बाबाच्या डोक्यावरच टांगला हाय तो कागद. मी डब्बा द्याले जातो तं रोज दिसते."

"मग तू सांगितलं का नाहीस त्यांना?"

ती खोळींकडे बघत म्हणाली, "बाबा इथं येऊन तुमाले समद्याईसमोर बोलले असते. तुमी एवढ्या हौसेनं केलतं. मले वाटलं, तुमी सांगान."

सोळा वर्षांची मुलगी माझी अब्रू सांभाळत होती, आणि मी तिच्या बापाच्या तोंडावर तिची घालवली होती. मी तिथेच रडले. तिने मला पाणी आणून दिलं. खाऊ-पाणी आत आणायचं नाही, हा माझाच नियम.

तिच्याबरोबरच मी दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबले, मग गादीच्या वर टांगलेल्या फ्रेमकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. पान मी केलं, नंबर मी टाकला, तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं, आणि मी खोटं बोलले. त्यांना इंग्रजी यायचं नाही, पण आकडे धंद्यामुळे पाठ होते. स्टुलावर चढून त्यांनी फ्रेम उतरवली आणि ओळीवरून बोट फिरवत नंबर वाचला. त्यांनी त्या कागदाकडे हजारदा पाहिलं असेल, पण फक्त फोटोकडे.

ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी शाळेत आलतो तवा सांगतलं असतं मॅडम, तं त्याच दिवशी मोहल्ल्यात सांगत फिरलो असतो," ते म्हणाले. "आता पंधरा दिवस झाले. आता कोन आयकते? लोकं म्हनतीन, मॅडमनं पोरीचं झाकलं."

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले. "आत्ता सांगते."

काकूंच्या अंगणात मी उभ्या उभ्या सगळं पुन्हा सांगितलं. काकू होत्या, त्यांची सून होती, समोरच्या घरातल्या दोघी येऊन उभ्या राहिल्या. मुलगी आपल्या दारात होती. इंटरनेट, वेबसाइट, पान, यातलं एकही अक्षर तिथे कुणाला नीट कळत नव्हतं, आणि दाखवायला पान उरलं नव्हतं, ते मीच पुसलं होतं. दुकानातून सोबत आणलेला फ्रेममधला कागद दाखवला तर त्या म्हणाल्या, हा तर सत्काराचा आहे. मी जितकी कळवळून सांगत गेले तितका काकूंचा चेहरा मऊ होत गेला. शेवटी त्यांनी माझा हात धरला.

"मॅडम, तुमचं मन लय मोठं हाय. पोरीसाठी आपल्या अंगावर घेऊन राह्यल्या. आमच्या टायमाले अशे मास्तर नवते."

बाकीच्या दोघींनी माना हलवल्या. त्यांनी मला चहासाठी आत बोलावलं. मुलीला कुणी बोलावलं नाही.

परत निघताना मी तिच्या दाराशी थांबले आणि म्हणाले, "मी पुन्हा येईन. त्यांना पटेपर्यंत सांगेन."

"नका सांगू, मॅडम," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "जितक्या वेळा सांगान, तितक्या तुमीच चांगल्या दिसान."

ती आर्ट्सला गेली. वडिलांनी ती फ्रेम पुन्हा टांगली, नंबरावर कागदाची पट्टी चिकटवून. मी दारावरच्या पाटीवर पाचवा नियम लिहिला: आपलं नाव, पत्ता, फोटो, फोन नंबर कुठेही टाकू नका. पुढे कॅफे वाढले, मुलांच्या हातात मोबाइल आले, तसं पालकसभेत यावर बोलायला मलाच उभं करू लागले. मी दरवर्षी ही हकिगत सांगायची, माझ्या खोटेपणासकट, काही न लपवता. सभा संपली की पालक जवळ यायचे आणि म्हणायचे, मॅडम, तुमच्यासारखं खरं बोलणारं कुणी पाहिलं नाही. मी नमस्कार करून बाहेर पडायची. ही गोष्ट सांगून ती मुलगी खरी कशी ठरेल, ते मला अजून सापडलेलं नाही.