पटावरची दहा नावं

वेनेता पेलोव्स्का यांना आमच्या स्त्रानित्सा गावात सगळे नुसतं बाई म्हणायचे. चौतीस वर्षं त्यांनी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवलं. पहिली ते चौथी, सगळे वर्ग एकाच खोलीत. दुसरी खोली माझी. तिथं मी मुलांसाठी घेवड्याचं सूप करायची, पाव कापायची आणि हिवाळ्यात दोन्ही खोल्यांमधल्या लाकडाच्या शेगड्या पेटत्या ठेवायची. त्यामुळे त्या वर्षी जे झालं ते मी जवळून पाहिलं. त्यात माझाही हात होता, तेही आधीच सांगून टाकते.

सप्टेंबरात पट अकरा होता. पाच मुलं वरच्या आळीतली, सहा खालच्या मोहल्ल्यातली. खालच्या मोहल्ल्यात रोमा लोक राहतात, ज्यांना वरची आळी जिप्सी म्हणून हिणवते. गावात इतर घरं एकेक करून बंद होत होती. कुणी स्पेनला गेलं, कुणी जर्मनीला, म्हातारे तेवढे राहिले. मोहल्ल्यात मात्र अजून पाळणे हलत होते. शाळा चालत होती ती त्यांच्या जिवावर. वरच्या आळीला हे माहीत होतं, पण तिथं कुणी ते बोलून दाखवत नसे.

बाईंकडे एक जाडजूड वही होती. शाळेत काय काय घडलं ते त्या दर शुक्रवारी तीत लिहायच्या. मुलांनी अक्रोड वेचले आणि त्यांच्यावर बेरजा-वजाबाक्या केल्या. मुलांनी पावसाचं पाणी बरणीत मोजलं. इटलीतल्या मुलाचं पत्र एका आजीला वाचून दाखवलं आणि उत्तरही लिहून दिलं. मी एकदा विचारलं, एवढं कोण वाचणार? बाई म्हणाल्या, कुणी नाही वाचलं तरी घडलं तर आहे ना.

त्यातलं निम्मं सेवदाचं होतं. सेवदा म्हणजे मोहल्ल्यातल्या इल्चोची थोरली मुलगी, नऊ वर्षांची, तिसरीत. हाताला लागेल ते वाचायची. औषधाच्या बाटलीवरचा कागद, पिठाच्या पोत्यावरची अक्षरं, चर्चच्या दारावरची यादी. माझ्या खोलीत सूप प्यायला बसली की भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरमधले संतांचे दिवस मला वाचून दाखवायची, जणू मीच तिची विद्यार्थिनी. मे महिन्यात जिल्ह्याच्या गावी वाचनाची स्पर्धा असते. आमच्या शाळेतून वीस वर्षांत कुणी गेलं नव्हतं. बाईंनी तिचं नाव पाठवलं. शाळा सुटल्यावर तासभर तिला थांबवून घ्यायच्या. मी भांडी घासता घासता तो आवाज ऐकायची.

नोव्हेंबरात वरच्या आळीतला एक मुलगा आईबापांबरोबर जर्मनीला गेला. पट दहावर आला. दहाच्या खाली गेला की शाळा बंद करायची, असं जिल्ह्याचं पत्र आमच्याकडे दोन वर्षांपासून येऊन पडलं होतं.

नववर्षाच्या दिवशी बाई मुलांना घेऊन गावात फिरल्या. मुलांच्या हातात लोकर आणि मक्याच्या लाह्यांनी सजवलेल्या फांद्या होत्या. म्हाताऱ्यांच्या पाठीवर त्या हलकेच मारून वर्षभर धडधाकट राहा म्हणायचं, ही आमची रीत. त्या दिवशी एकतीस दारं उघडली. एका आजोबांनी मुलांना सुकवलेले आलुबुखार वाटले आणि पाठ पुन्हा पुन्हा पुढे केली. मुलांना हसू आवरेना. बाई परत आल्या तेव्हा गाल लाल झाले होते. एवढ्या आनंदात मी त्यांना त्यानंतर पाहिलं नाही.

दहा नावांत एक नाव बाईंच्या नातीचं होतं, एलित्सा. बाईंची मुलगी नेवेना तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती. नवरा सोडून गेल्यावर ती मुलीला घेऊन आईकडे राहायला आली होती. एलित्सा दुसरीत. सेवदा आणि ती एकाच बाकावर बसायच्या.

फेब्रुवारीत दुसरं सत्र सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी बाईंकडे आंबवलेल्या कोबीचं भांडं द्यायला गेले होते. मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी परत फिरत होते, तर बाईंनीच मला बसायला सांगितलं. नेवेनानं एलित्साला तालुक्याच्या शाळेत घालायचं ठरवलं होतं. दवाखान्यातल्या बाया तिला चिडवत होत्या, तुझी पोर मोहल्ल्यातल्या पोरांत शिकते म्हणे.

"जूनपर्यंत थांब," बाई म्हणाल्या. "चारच महिने. पट नऊवर आला तर शाळा जाईल, नेवेना."

"शाळा तुझी आहे आई. मुलगी माझी आहे."

"ती इथं चांगलं शिकतेय."

"कुणाबरोबर शिकतेय?"

बाई म्हणाल्या, सेवदा सगळ्या तालुक्याला भारी पडेल अशी मुलगी आहे. नेवेनानं कप खाली ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

"मी दुसरीत होते तेव्हा मोहल्ल्यातल्या पोरांना तू भिंतीकडच्या बाकावर बसवायचीस. आठवतं? मी एकदा तिकडे जाऊन बसले तर घरी आल्यावर उवा लागल्या असतील म्हणून माझं डोकं रॉकेलनं धुतलंस. म्हणालीस, त्यांच्यात मिसळायचं नाही. मी ते शिकले. तूच शिकवलंस. आता तू बदललीस तर मी काय करू?"

बाईंनी तिचा कप उचलून विसळायला घेतला. माझ्याकडेही पाहिलं नाही. कारण ते खरं होतं. त्या काळात मीही त्याच शाळेत होते, चौथीत, पुढच्या बाकावर.

सोमवारी एलित्सा तालुक्याच्या बसमध्ये बसली. त्या दिवशी बाई हजेरीपट उघडून कितीतरी वेळ बसल्या. मी शेगडीत लाकूड घातलं आणि म्हणाले, "नाव राहू द्या ना बाई. इथं कोण येतंय बघायला? मे महिन्यापर्यंत ओढा, सेवदाची स्पर्धा होऊ दे. मग बघू."

त्यांनी मला दटावलं नाही. पेन उचललं आणि एलित्साच्या नावापुढे हजर लिहिलं. चौतीस वर्षांत त्यांनी खोटं काही लिहिलं असेल तर तेवढंच. मग रोज लिहीत राहिल्या. शुक्रवारची वही मात्र त्या दिवसापासून बंद झाली. मी विचारलं नाही. मुलांना त्यांनी काही सांगितलं नव्हतं, पण हजेरी घेताना एलित्साचं नाव गाळतात आणि तरी खूण करतात, हे मुलांना दिसत होतं. मुलांना सगळं दिसतं.

मार्चमध्ये मुलांनी वसंताच्या रितीप्रमाणे लाल-पांढऱ्या दोऱ्यांचे गोंडे वळले, एकमेकांच्या मनगटाला बांधले. सेवदाचं वाचन इतकं सफाईदार झालं होतं की पोस्टमन दारात थांबून ऐकायचा.

ईस्टरच्या दोन आठवडे आधी, एका मंगळवारी, जिल्ह्याहून दोघं तपासणीला आले. एक पुरुष, एक स्त्री. तालुक्याच्या शाळेच्या यादीत एलित्साचं नाव होतं आणि आमच्याही यादीत होतं. तेवढ्यावरून सापडलं. आमच्या डोक्यात ही साधी गोष्ट आली नव्हती. मी सुपाचं पातेलं घेऊन दारात उभी होते. त्या पुरुषानं हजेरीपट हातात घेऊन मुलं मोजली, मग पुन्हा मोजली. त्यानं बाईंना नाही विचारलं. मुलांना विचारलं, एलित्सा कुठं आहे?

मग सेवदा उभी राहिली. शिकवल्यासारखी ताठ, हात बाजूला.

"ती आजारी आहे साहेब. कालपर्यंत येत होती. माझ्याच शेजारी बसते."

मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो पार उतरला होता. पण त्या चालत सेवदाच्या बाकापाशी गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस, सेवदा. असं बोलायचं नाही." मग त्या साहेबाकडे वळल्या. "मुलगी आजारी नाही. फेब्रुवारीपासून ती इथं येत नाही. मी लिहिलंय ते खोटं आहे. या मुलीला मी काही सांगायला लावलेलं नाही."

सेवदा रडायला लागली. तिला वाटलं, आपण नीट बोललो नाही म्हणून बाईंवर आलं.

पुढचं सगळं भराभर झालं. बाईंना घरी बसवलं. मे महिन्यापर्यंत ओढायचं म्हणून आम्ही जे केलं, त्यानंच त्याच्या आधी शाळेला कुलूप लागलं. ईस्टरची सुटी लागली ती संपलीच नाही. शाळाच राहिली नाही म्हणून सेवदाचं स्पर्धेतलं नाव खोडलं. बाईंनी जिल्ह्याला दोन पत्रं लिहिली. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, मुलीला वाचू द्या. उत्तर आलं नाही. मी त्यांना म्हणाले, मला सांगू द्या की कल्पना माझी होती. बाई म्हणाल्या, "पेन माझ्या हातात होतं, गेना."

उरलेल्या नऊ मुलांना तालुक्याच्या बसमध्ये बसवलं. वरच्या आळीतल्या तिघांना त्यांच्या त्यांच्या वर्गात घेतलं. मोहल्ल्यातल्या सहांना मागच्या बैठ्या इमारतीत, एकाच खोलीत, तिथल्या इतर रोमा मुलांबरोबर. महिनाभरानं सेवदा बसपाशी दिसेना. बाई चालत मोहल्ल्यात गेल्या, मी सोबत होते. मोहल्ल्यात पाऊल टाकायची ही त्यांची किती वर्षांत पहिलीच वेळ होती कोण जाणे. इल्चोनं आम्हाला अंगणात खुर्च्या दिल्या, त्याच्या बायकोनं कॉफी आणली.

बाईंनी विचारलं, मुलगी शाळेत का जात नाही?

"तिला तिथं बदक रंगवायला देतात बाई," इल्चो म्हणाला. "रोज एक बदक. चौथीचं पुस्तक वाचणारी पोर. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, मला वाचता येतं. तिथल्या बाई म्हणाल्या, बरं, मग नीट रंगव."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. बाईंनी विनवलं, मी रोज येईन, इथंच शिकवीन. इल्चोनं होकार दिला आणि खरंच बाई रोज जायला लागल्या. सेवदा अंगणात पेटीवर बसायची, धाकटा भाऊ मांडीवर. आधी वाचायची तशी वाचत नव्हती. ओळीच्या मध्येच थांबून बाईंकडे पाहायची, बरोबर आहे ना म्हणून. पूर्वी तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. सतरा दिवस हे चाललं. अठराव्या दिवशी घराला कडी होती. सगळं कुटुंब पीच तोडायला ग्रीसला गेलं होतं. मुकादमाची गाडी पहाटे आली आणि निरोप घ्यायला वेळ मिळाला नाही, असं शेजारणीनं सांगितलं.

नेवेना आता मुलीला घेऊन तालुक्याच्या गावीच राहते. एलित्साला बरे गुण पडतात. नेवेना रविवारी आईला फोन करते, दोघी हवापाण्याचं बोलतात. मायलेकींचं भांडण नाही. त्या स्वयंपाकघरातलं बोलणं मात्र दोघींपैकी कुणी पुन्हा काढलं नाही, आणि त्याच्याशिवाय बोलण्यासारखं दुसरं काही राहिलेलं नाही.

बाई परसात टोमॅटो लावतात, काढतात, बरण्या भरतात आणि अर्ध्या बरण्या वाटून टाकतात. मी अधूनमधून जाते. आम्ही दोघी बसतो. आमच्यातही मोकळेपणा राहिलेला नाही. त्या मला दोष देत नाहीत आणि मला तो दुसऱ्या कुणाकडून घेता येत नाही.

ऑक्टोबरात इल्चोचा चुलतभाऊ ग्रीसहून आला. दुकानात भेटला तेव्हा मी सेवदाचं विचारलं. मजेत आहे म्हणाला. पाच कुटुंबांची बारकी पोरं ती एकटी सांभाळते, बाया निर्धास्त कामाला जातात. शाळेचं विचारलं तर हसला. मग म्हणाला, एकदा मुकादमानं तिच्या हातात कसला तरी कागद दिला, वाच म्हणाला. तर पोर म्हणाली, मला वाचता येत नाही.

हे मी बाईंना सांगितलेलं नाही.