नाक चवड्यापुढं

सुवर्णाताई कपाचा कान कधी धरत नसत. दोन्ही तळहातांच्या मध्ये कप घ्यायच्या, ओंजळीने पाणी प्यावं तसा चहा प्यायच्या. लातुरातल्या त्यांच्या दवाखान्यात येणारे लोक थट्टा करायचे, "बाई चहाला नमस्कार करून पितेत." त्यावर त्या म्हणायच्या, "दुसरा कोणता देव येतोय का हितं सकाळपासून? तोच येतो दोनदा." सगळे हसायचे. अंगठ्याच्या मुळाशी कप उचलण्याएवढंही बळ उरलेलं नाही, हे त्या थट्टेमागे झाकून राहायचं.

त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. लातुरात त्यांच्याविषयी आजही दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, त्यांच्या हाताला आधी गुण होता, तो गेला. दोन, कष्ट नकोत म्हणून त्या दवाखाना मोडून नांदेडला निघून गेल्या. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. पहिली माझ्याच दुकानाच्या गादीवरून निघाली, म्हणून हे मीच लिहायला हवं. माझं आता वय झालं आहे.

माझं कापडाचं दुकान. उभा जन्म गादीवर बसून काढल्यामुळे अंगाने मी चांगलाच भरलो होतो. डावी बाजू लकव्याने गेली तेव्हा मुलांनी मला खुर्चीसकट उचलून त्यांच्याकडे नेलं. सुवर्णाताईंनी कमरेवर हात ठेवून मला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "गठाणच आली की दुकानातून. सोडून बघू, आत माल कसा हाय."

आवाज खणखणीत. त्या इस्लापूरच्या. "धबधब्याच्या शेजारचं माणूस मी, अप्पा. हळू बोललं तर आईला ऐकूच जायचं न्हाई." शिकल्या नांदेडला आणि दवाखाना टाकला लातुरात. तपासण्याची खाट त्यांनी सुताराकडून मुद्दाम बुटकी करून घेतली होती. त्या स्वतः उंच, त्यामुळे दिवसभर वाकून काम. एकदा मी म्हणालो, "खाट जरा उंच करून घ्या की." म्हणाल्या, "करते की. मग शिरूर अनंतपाळची म्हातारी तिच्यावर चढवायला तुम्ही येणार का?"

आमच्याकडे एक समजूत पक्की आहे. ज्यात हाताचा जोर लागत नाही, तो उपचारच नव्हे. शेकायचं यंत्र लावलं तर त्याच शिरूरच्या म्हातारीने त्यांना ऐकवलं होतं, "इस्त्री माझ्या घरीबी हाय, बाई. तू हात लाव." मग त्या अंगठा रोवून दाबायच्या आणि म्हातारी डोळे मिटून म्हणायची, "हां, आता पैसे फिटले." असे दिवसाला किती गुडघे, किती कंबरा, किती माना त्या अंगठ्याखालून जात असतील, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नाही.

मला उठायला शिकवताना त्यांचं एकच पालुपद असे. "अप्पा, पाय मागं घ्या. पुढं वाका. नाक चवड्यापुढं आलं की बूड आपोआप सुटतंय. मी तुमची काठी न्हाई." मी दोन-तीनदा वाकल्यासारखं करायचो आणि मग अंग सोडून द्यायचो. शेवटी त्याच माझा उजवा हात स्वतःच्या मानेभोवती घ्यायच्या, माझ्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरायच्या आणि "हं" म्हणून मला उभं करायच्या. बायको म्हणायची, "किती भार टाकता त्या पोरीवर." मी म्हणायचो, "त्यांचं कामच हाय ते."

काही महिन्यांनी एका दुपारी मी घरात एकटाच होतो. शेगडीवर दूध ठेवून बायको शेजारी गेली होती. दूध वर येताना दिसलं. मी पाय मागे घेतले, वाकलो आणि उठलो. भिंतीच्या आधाराने गेलो, गॅस बंद केला आणि परत येऊन बसलो. हे मी कुणालाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो आणि नेहमीसारखं अंग सोडून दिलं. का, ते नीट सांगता येत नाही. पडायची भीती होतीच. पण त्यांनी उचललं म्हणजे उपचार झाला असं वाटायचं. आपले आपण उठलो तर दवाखान्यात कशाला आलो, असंही वाटायचं. आणि म्हातारपणी आपल्याला कुणी असं घट्ट धरत नाही, हेही खरं.

मग एक दिवस मला उचलताना त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज आला. आधी त्यांनी मला खुर्चीत नीट बसवलं, डाव्या हाताखाली उशी सारली आणि मग फरशीवर बसल्या. "चमक हाय, जाईल," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात मनगटाला पट्टा दिसला. मी विचारलं तर म्हणाल्या, "विकायला आणलाय. मापाला घालून बघून राहिले." नंतर कुणी नसताना पट्टा सोडता सोडता म्हणाल्या, "वकिलावर केस चालू असली तरी लोक त्याच्याकडं जातेत, अप्पा. पण फिजिओचाच हात दुखतोय म्हटलं, की संपलं. हिचं हिला बरं करता येईना, आपलं काय करणार, म्हणतेत."

म्हणजे मला माहीत होतं. तरीही जे घडायचं ते माझ्याच तोंडून घडलं. त्यांनी खाटेला एक दोर बांधला आणि मला म्हणाल्या, "आजपासून हा ओढून उठायचं. मी नुसती बाजूला उभी राहीन." मला त्याचा राग आला. त्याच आठवड्यात चाकूरच्या एका गिऱ्हाइकाने दुकानात विचारलं, "अप्पा, माझ्या भावाची कंबर धरलीय, बाई कशी हाय?" मी कापड फाडता फाडता म्हणालो, "पहिल्यासारखा जोर न्हाई राहिला हातात. दोर बांधून ठेवलाय, मशीन लावून बसवतेत." मी एवढंच बोललो. पण कापडाच्या दुकानातलं बोलणं कापडाबरोबर गावोगाव जातं.

लोक कमी झाले. जे येत ते परीक्षा घ्यायला आल्यासारखे यायचे. "जोरानं दाबा की, ताई. पहिल्यासारखं." आणि त्या दाबायच्या. दोर सोडला, पट्टा काढून टाकला. जोर आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी तो अंगठा असा वापरला, की वर्षभरात दुखणं मनगटातून कोपरात चढलं, आणि वाकून वाकून धरलेल्या मानेतून दोन्ही हातांत उतरलं. हैदराबादला मानेचं ऑपरेशन झालं. उपयोग झाला नाही. बुटकी खाट विकायला निघाली तेव्हा मला कळलं, की दवाखाना बंद झाला.

परवा मी नांदेडला जाऊन आलो. मुलाने दारापर्यंत सोडलं, त्याला मी थोड्या वेळाने यायला सांगितलं. दार त्यांच्या आईने उघडलं. सुवर्णाताई खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही हात ओढणीखाली. मला पाहून पहिलं वाक्य, "डावा पाय अजून ओढताच की, अप्पा." मध्यंतरी एका शिकवणी वर्गाच्या ऑफिसात त्यांनी काम धरलं होतं, पण लिहिता येईना, टाइप करता येईना. आता घरीच असतात.

मी दुकानात बोललेलं वाक्य त्यांना सांगितलं. मग दुधाचं सांगितलं. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "दुकानातलं माहीत नव्हतं. दुधाचं माहीत होतं."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? उचलताना कळतंय. माणूस जड असणं वेगळं, अन् जड होणं वेगळं."

"मग बोलल्या का नाही?"

"वाटलं, भीती हाय. जाईल."

मी माफी मागितली. आईने दोन कप चहा आणला. माझा मी प्यालो. त्यांचा तसाच राहिला, वर साय धरली. मी म्हणालो, "ताई, चहा घ्या." आई हळूच म्हणाली, "नंतर घेईल ती. कुणासमोर घेत न्हाई. पाजावा लागतो."

मुलगा यायला वेळ होता. पण मी तिथे असेपर्यंत त्यांना चहा मिळणार नव्हता. मी पाय मागे घेतले, पुढे वाकलो, नाक चवड्यापुढे नेलं आणि उठलो. त्या माझ्या गुडघ्यांकडे बघत होत्या, पूर्वी बघायच्या तशाच.

"जमतंय की, अप्पा," त्या म्हणाल्या.

पायऱ्या उतरून मी भिंतीला टेकून मुलाची वाट बघत उभा राहिलो. आतून आईचा आवाज आला, "गार झाला गं. दुसरा करू का?" त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. लातुरात त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा.