झिजलंय, असं रघू म्हणायचा

रघू गेल्याचं सांगायला आला तो माझा धाकटा भाऊ, दिलीप. सामाईक विहिरीच्या पाळीवरून भांडण झाल्यापासून आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "दादा, रघूभाऊ गेलं. सकाळी चा पिता पिता…" एवढंच बोलला. मी चपला न घालताच वारूळवाडीला रघूच्या घरी धावलो आणि तिथं लहान पोरासारखा रडलो. आज महिना उलटलाय. ते रडणं आठवलं की माझाच मला राग येतो.

रघू शाळेपासूनचा मित्र. फौजेत हत्यारं दुरुस्त करायचा. नव्वदनंतर परतला आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. माझ्याकडे वडिलांचं जुनं पिस्तूल होतं, परवान्याचं. वडील मुंबईला भाजीच्या गाड्या नेत, रोकड घेऊन परतत, त्यासाठी घेतलेलं. त्यांच्यामागे परवाना माझ्या नावावर झाला. नियमानं दुरुस्तीला पुण्याला न्यायला हवं, पण रघू हाताशी असताना पुणं कशाला? रविवारी जेवणं झाली की तो ओट्यावर गोणपाट पसरून ते खोलायचा. कधी मॅगझिनची स्प्रिंग दमलेली, कधी रिकामं काडतूस बाहेर ओढणारी नखी झिजलेली. "राव, तुज्या बापानं याला तेल दावलं न्हाई कदी," म्हणत माझ्या बायकोकडून दुसरा चहा उकळायचा. शेवटी रिकाम्या नळीत पेन्सिल सोडून चाप ओढायचा. काडतुसावर आपटून बार काढणारी पिन आतून टोला द्यायची आणि पेन्सिल टुणकन उडायची. मग आम्ही दोघं खो-खो हसायचो.

भांडणाच्या वर्षी दिलीपनं माझ्या पाळीत त्याची मोटार चालू केली. मी तापट माणूस. नारायणगावच्या भर बाजारात ओरडलो, "परत मोटारीला हात लाव, गोळीच घालतो!" अहो, बोलायची एक रीत असते. कोण खरंच घालतं? त्याच आठवड्यात रघू आला. "लई झिजलंय, घरी न्हेतो, नीट बघतो." परत आणून दिलं तेव्हा पेन्सिल काही काढली नाही. मी विचारलंही नाही. रघूला काय विचारायचं?

पुढे बिबटे उसात मुक्कामालाच आले. एका संध्याकाळी बघतो तर गोठ्याच्या दारात बिबट्या, जबड्यात कालवडीची मान. हवेत बार काढावा म्हणून चाप ओढला… खट्ट. पुन्हा ओढला… खट्ट. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कालवड गेली, मी वाचलो, तो केवळ नशिबानं. दुसऱ्या दिवशी रघू माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "स्प्रिंग दमली आसंल. जुनं हत्यार, झिजणारच की." आणि नवी स्प्रिंग घालून दिली. नवी स्प्रिंग! काय म्हणावं या माणसाला!

दहाव्याला घाटावर दिलीप शेजारी येऊन बसला. "दादा, तुजं पिस्तूल उडणार न्हाई, हे रघूभाऊनं मला तवाच सांगितलं व्हतं. म्हणून तर मी विहिरीवर बिनघोर यायचो." म्हणजे मी कमरेला पिस्तूल लावून बांधावरून ऐटीत फिरत होतो आणि हा मनात हसत होता. घरी येऊन नळीत पेन्सिल टाकली, चाप ओढला. पेन्सिल जागची हलली नाही.

पुण्याला नेलं. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरानं पिन काढून भिंगाखाली धरली. "ही झिजलेली नाही, साहेब. कानशीनं घासून आखूड केलीय. हात मात्र कसबी आहे."

कसबी! रघू, दोन मुस्काटात मारल्या असत्यास तरी चाललं असतं रे. भांडायचं होतंस, पिस्तूल हिसकावून घ्यायचं होतंस. मला खुनी ठरवलंस, तेही मला न सांगता. माझ्याच ओट्यावर, माझाच चहा पीत, वर्षानुवर्षं खोटं बोललास. त्या बिबट्यानं मला धरलं असतं, तर माझ्या बायकोला काय झिजलं म्हणून सांगणार होतास?

"नवी पिन बसवू?" कारागिरानं विचारलं. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर बिबट्या आलाच नाही. आला तो दिलीप. विहिरीवर बिनघोर उभा असलेला, मनात हसणारा… आणि चापावर माझं बोट.

"नको," म्हणालो. "आहे तीच घाला."

रघू, तुला मी माफ केलेलं नाही.