शेवटच्या पलंगावरचं ताट

वृद्धाश्रमाच्या आचाऱ्याला स्वतःच्या हाताचा भारी अभिमान. आणि का नसावा? शेगडीजवळ उभं राहून त्याच्या हातचं ज्याने खाल्लं, त्याने बोटं चाटलीच. पण हल्ली त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याचा स्वतःचा बापच जेवत नव्हता.

वडिलांचे हात थरथरायचे, घरी बघायला कुणी नाही, म्हणून त्याने त्यांना इथेच आणलं होतं. आता त्यांचं ताट रोज जसंच्या तसं परत यायचं. डॉक्टरांनी सांगून टाकलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

"रुसलेत. इथे आणून टाकलं ना मी, त्याचा राग काढतायत," तो भांडी आपटत म्हणायचा. बापलेक दोघांच्याही नाकावर राग, त्यामुळे विचारायचं कुणी कुणाला?

त्या दुपारी मात्र त्याला राहवेना. ताटं वर गेल्यावर हातातलं काम टाकून तो मागोमाग गेला. ज्यांना भरवावं लागतं त्यांची खोली अगदी टोकाला. ताटं सगळ्यांपुढे एकदम मांडलेली आणि भरवणारी मावशी एकटी. ती पहिल्या आजींना चमच्याने सूप पाजत होती. आजी एकेका घोटाला वेळ घेत होत्या, आणि मावशीही बिचारी घाई करणाऱ्यांतली नव्हती. वडील शेवटच्या पलंगावर, पुढ्यातल्या ताटाकडे बघत बसलेले.

आचारी दारात येरझाऱ्या घालत राहिला. आजींचं झालं, मग पलीकडच्या काकांचं सुरू झालं. शेवटी तो आत शिरला आणि वडिलांच्या ताटातला एक घास स्वतःच्या तोंडात टाकला. थंडगार भाताचा गोळा. त्याला तो गिळवेना.

तो धावत खाली गेला, गरम वाटी भरून आणली आणि फुंकर मारमारून भरवू लागला. वडिलांनी वाटी संपवली.

"आज मनापासून केलंस," ते म्हणाले.

रोजचंच आहे बाबा, तेच पातेलं, तोच हात, असं त्याला म्हणायचं होतं. मग त्याच्या लक्षात आलं. म्हणजे इतके दिवस त्यांना वाटत होतं की पोराने आपल्याला इथे आणून टाकलं आणि वर नुसत्या पाट्या टाकतोय.

शेजारच्या पलंगावरचे आजोबा आपल्या गार ताटापुढे बसून हे सगळं बघत होते. हा आचारी नुसत्या पाट्या टाकतो, असंच त्यांनाही वाटत असणार.

"मावशी, एकाचं झालं की मला हाक मारा. पुढचं ताट तेव्हाच वर आणीन," तो म्हणाला आणि उरलेली ताटं उचलायला लागला.